प्रथिनांची खातेवही

गेल्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण एक कागद घेऊन माझ्याकडे आली. तिला आम्ही घरातले सगळे अक्का म्हणतो. अक्काला रक्ताचा कर्करोग झाला त्याला आता बरीच वर्षे लोटली. रोज एक गोळी घेते, पूजा करते, नातवंडांवर ओरडते. तिला पाहून कुणी ओळखणार नाही. कागद रुग्णालयातून आला होता. तिच्या रक्ताच्या तपासण्यांतून निघालेली माहिती, नाव-गाव वगळून, संशोधकांच्या सामाईक संग्रहात ठेवायला तिची संमती हवी होती. तो संग्रह देशोदेशीच्या संशोधकांना इंटरनेटवरून पाहता येईल, असेही त्यात लिहिले होते. सही करू का, असे तिने विचारले. मी तेहतीस वर्षे बँकेत काढली. तेव्हा सही कुठे करावी आणि कुठे करू नये एवढे तरी मला कळत असावे, असा तिचा समज आहे.

माझ्या तोंडून पहिल्यांदा आले ते, नको. बँकेत रुजू होताना आमच्याकडून गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही घेतात. नवऱ्याच्या खात्यातली शिल्लक बायकोला सांगायची नाही, हे ज्याच्या अंगात मुरले आहे त्याला आपल्या बहिणीचे रक्त जगापुढे मांडायची कल्पना कशी रुचावी? पण अक्काने फाइलही बरोबर आणली होती. ती चाळताना एका अहवालावर मला एका शहराचे नाव दिसले: फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह. आमच्या अक्काने पुण्यापलीकडे फारसा प्रवास केलेला नाही. तिच्या रक्तात हे अमेरिकेतले शहर कुठून आले?

त्याचे उत्तर सरळ आहे. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड या दोघांना या विशिष्ट कर्करोगाच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत एक नेहमीपेक्षा लहान गुणसूत्र आढळले. त्याला त्या शहराचे नाव मिळाले. पुढे १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केल्यामुळे हे होते. त्या चुकीच्या जोडातून एक असे प्रथिन तयार होते की ते चालू झाले की बंद होण्याचे नाव घेत नाही. अक्काची गोळी नेमके ते प्रथिन अडवते.

हे सारे वाचत असताना मला त्याच फिलाडेल्फियात जन्मलेली आणखी एक व्यक्ती भेटली. तिने कधी एक रुग्ण तपासला नाही. कर्करोगाच्या संशोधकांच्या यादीत तिचे नाव सहसा पहिल्या पानावर नसते. पण जैविक माहितीची संगणकीय मांडणी शिकणारा प्रत्येक विद्यार्थी तिचे नाव जाणतो. त्या म्हणजे मार्गारेट डेहॉफ. अक्काच्या त्या कागदाची गोष्ट खरे तर त्यांच्यापासून सुरू होते.

मार्गारेट ओकली यांचा जन्म ११ मार्च १९२५ चा. वडिलांचा छोटा व्यवसाय, आई हायस्कुलात गणिताची शिक्षिका, आणि ही एकुलती एक मुलगी. ती दहा वर्षांची असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. १९४२ साली शाळेतून पहिली आली, शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क विद्यापीठात गेली, १९४५ साली गणिताची पदवी घेतली. मग कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक जॉर्ज किंबॉल यांच्या हाताखाली रसायनशास्त्रात संशोधन सुरू केले.

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. मोठ्या रेणूंच्या ऊर्जेचे हिशेब हाताने करायचे म्हणजे महिनोन्महिने जायचे. मार्गारेटबाईंनी त्यासाठी कशाचा आधार घ्यावा? छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर चालणाऱ्या यंत्रांचा. ही यंत्रे बनली होती ती व्यापारी हिशेबांसाठी: पगारपत्रके, विम्याचे हप्ते, मालाच्या याद्या. त्या यंत्रांवर त्यांनी रेणूंचे गणित चढवले आणि १९४८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी एडवर्ड डेहॉफ या भौतिकशास्त्रज्ञाशी लग्न झाले. काही वर्षे त्यांनी रॉकफेलर संस्थेत काम केले. १९५२ मध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी बिऱ्हाड वॉशिंग्टनकडे हलले. दोन मुली झाल्या, रूथ आणि ज्युडिथ. मधली काही वर्षे प्रयोगशाळेपासून दूर गेली. आपल्याकडे असो की अमेरिकेत, बाईच्या नोकरीच्या नोंदीत ही मधली कोरी पाने ठरलेली असतात, आणि नंतर ती दाखवून तिला प्रश्न विचारले जातात.

१९६० साली त्या सिल्व्हर स्प्रिंग या गावातल्या नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशन या नव्या संस्थेत रुजू झाल्या. संस्थेचे संस्थापक रॉबर्ट लेडली मूळचे दंतवैद्य, नंतर भौतिकशास्त्र शिकलेले. वैद्यकात संगणक आणायचा ध्यास या गृहस्थांनी घेतला होता. संपूर्ण शरीराचे चित्र काढणारे सी.टी. स्कॅन यंत्र पुढे त्यांनीच बनवले.

त्या काळात प्रथिनांचे कोडे नुकतेच उलगडू लागले होते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीसच प्रकारचे, पण कुठला मणी कुणाच्या शेजारी यावर सारे अवलंबून. हिमोग्लोबिनच्या एका माळेत सहाव्या जागेवरचा एक मणी बदलला की सिकलसेल होतो. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार किती घरांत आहे हे वाचकांना ठाऊक आहे. तर ही माळ वाचणे फार कष्टाचे होते. फ्रेडरिक सँगर यांना इन्सुलिनचे ५१ मणी लावायला सुमारे दहा वर्षे लागली आणि त्यासाठी १९५८ चे नोबेल मिळाले. माळ अखंड वाचता येत नसे. तिचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वाचायचा, पुन्हा वेगळ्या जागी तोडून नवे तुकडे करायचे आणि कुठला भाग कुठल्या भागावर बसतो हे पाहत सगळी माळ जुळवायची. लेडली आणि डेहॉफबाईंनी १९६२ साली ही जुळवाजुळव करणारा आज्ञासंच संगणकासाठी लिहिला. माणसाला महिने लागतील ते काम यंत्र काही मिनिटांत करू लागले.

पण डेहॉफबाईंच्या लक्षात आलेली खरी गोष्ट वेगळीच होती. ती सांगण्याआधी माझा एक अनुभव सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी आंतरशाखा ताळमेळ विभागात होतो. एका शाखेने पाठवलेले पैसे दुसऱ्या शाखेत पोहोचले की नाही, हे दोन्हीकडच्या नोंदी समोरासमोर ठेवून तपासायचे, एवढेच काम. कंटाळवाणे आणि बिनमानाचे. कुणाला शिक्षा म्हणून पाठवायचे तर तिथे. एकदा एका निवृत्त शिक्षकाची रक्कम तीन वर्षे उचंत खात्यात पडून असलेली मला सापडली. पाठवणाऱ्या शाखेची वही बरोबर होती. घेणाऱ्या शाखेचीही बरोबर होती. दोघांनीही चूक केली नव्हती. फक्त त्या दोन नोंदी कुणी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. ती जोडी जुळली तो दिवस मला अजून आठवतो. त्या शिक्षकाला मात्र ती कुणी जुळवली हे कधीच कळले नाही.

डेहॉफबाईंना हेच दिसले. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत एक माळ वाचली जाते, न्यूयॉर्कमध्ये दुसरी. प्रत्येक आपापल्या नियतकालिकात छापली जाते आणि तिथेच राहते. दोन्ही नोंदी बरोबर, पण शेजारी शेजारी कुणी ठेवत नाही. त्यांनी नियतकालिके उपसायला सुरुवात केली. रिचर्ड एक आणि इतर दोन सहकारी महिलांबरोबर १९६५ साली त्यांनी प्रथिनांचा ॲटलास छापला. तोवर जगाला ठाऊक असलेल्या सगळ्या माळा त्यात होत्या. किती? फक्त ६५. शंभरेक पानांचे ते पुस्तक आज कुणी पाहिले तर त्याला शाळेची वही वाटेल. पण जगातली ती पहिली जैविक खातेवही होती.

नोंदी ठेवायच्या तर आधी लेखनाची पद्धत ठरवावी लागते. तोवर प्रत्येक अमिनो आम्ल तीन अक्षरांत लिहीत. पत्त्यावर रकाने ८०, त्यात तीन-तीन अक्षरे म्हणजे चैनच. बाईंनी प्रत्येकाला एकेक अक्षर दिले. सोप्यांना त्यांच्या नावाचे पहिले अक्षर मिळाले. एकाच अक्षराचे दोन दावेदार निघाले तिथे डोके चालवले. फेनिलॲलनिनला उच्चारावरून एफ. ट्रिप्टोफॅनच्या रेणूत दोन कडी असतात, म्हणून त्याला दुहेरी दिसणारे डब्ल्यू. १९६८ साली आंतरराष्ट्रीय समितीने ही पद्धत मान्य केली. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत प्रथिन लिहितात ते याच लिपीत, पण लिहिणाऱ्याला लिपी कुणाची हे सहसा ठाऊक नसते.

ॲटलासच्या आवृत्त्या निघत गेल्या, जाड होत गेल्या, पुढे माहिती चुंबकीय फितींवरही मिळू लागली. दरम्यान बाईंनी आणखी एक मोठे काम केले. दोन माळा जुळतात की नाही हे ठरवायचे कसे? लाखो वर्षांत मणी बदलत जातात. तंतोतंत साम्याचा हट्ट धरला तर नातेवाईकही परके ठरतील. हे मला लगेच पटले. हाताने लिहिलेल्या लेजरात एकाचा नऊ होतो, पाचाचा सहा होतो. एकाचा आठ सहसा होत नाही. मुरलेला अधिकारी तफावत पाहूनच सांगतो की ही लिहिण्यातली चूक आहे की व्यवहारच वेगळा आहे. बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गाच्या अशा चुकांचा हिशेब केला. नात्यातल्या प्रथिनांचे ७१ गट घेऊन त्यांतले १,५७२ बदल मोजले आणि कुठला मणी कुठल्याच्या जागी सहज बसतो, कुठला क्वचित, याचा तक्ता १९७८ साली प्रसिद्ध केला. अंतर पडलेली भावकी ओळखायचे साधन हाती आले.

सप्टेंबर १९८० मध्ये त्यांनी आपला संग्रह दूरध्वनीच्या तारेवरून खुला केला. दूरच्या शहरातला संशोधक आपल्या टंकयंत्रासारख्या उपकरणावरून त्यांच्या संगणकाला विचारू शकत होता की माझी ही माळ तुमच्याकडच्या कुठल्या माळेशी जुळते. अक्काच्या हातातल्या कागदाचा उगम मी इथे मानतो.

आणि मग कर्करोगाची ती जोडी जुळली. कोंबड्यांना गाठी आणणारा एक विषाणू पेटन रौस यांनी १९११ सालीच दाखवला होता. त्या विषाणूचा गाठ आणणारा जनुक पुढे सापडला, त्याला सार्क म्हणतात. १९७६ साली मायकेल बिशप आणि हॅरोल्ड वार्मस यांच्या गटाने दाखवले की हा जनुक विषाणूचा स्वतःचा नाहीच, निरोगी पेशीतून उचललेला आहे. तो बनवतो ते प्रथिन इतर प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवते, हेही कळले होते. अशा प्रथिनांना कायनेज म्हणतात. दुसरीकडे, कर्करोगाशी काही संबंध नसलेल्या संशोधकांनी १९८१ साली गाईच्या हृदयाच्या स्नायूतल्या एका साध्या कायनेजची सबंध माळ वाचून छापली. कोंबडीची गाठ एका वहीत, गाईचे हृदय दुसऱ्या वहीत. विनोना बार्कर आणि मार्गारेट डेहॉफ यांनी १९८२ साली दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या. माळा एकाच घराण्यातल्या निघाल्या.

याचा अर्थ मोठा होता. गाठ आणणारे प्रथिन हा कुणी परका दरोडेखोर नव्हता. शरीराचा रोजचा कारभार पाहणाऱ्या कुटुंबातलाच तो एक, पण ताळतंत्र सोडलेला. माणसाच्या शरीरात या घराण्याचे पाचशेहून अधिक सदस्य आहेत हे पुढे मोजले गेले. अक्काच्या पेशींत बंद न होणारे ते प्रथिनही त्यांतलेच. त्याला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली. गोळी डेहॉफबाईंनी शोधली असे मी म्हणणार नाही. त्यात कितीतरी जणांचे हात आहेत. पण घराणे ओळखल्याशिवाय त्यातल्या एकाला नेमके गाठता येत नाही, आणि घराणे ओळखायची रीत बाईंनी घालून दिली.

आता नाण्याची दुसरी बाजू. बाईंच्या संस्थेला सरकारी मदत कधी मिळे, कधी आटे. खर्च निघावा म्हणून ॲटलास विकत द्यावा लागे, आणि फिती घेणाऱ्यांनी त्या पुढे वाटू नयेत अशी अट असे. संशोधकांकडून त्या अजून न छापलेल्या माळाही मागत. ते कुरकुरत. माळ आम्ही वाचायची, फुकट द्यायची, आणि मग तीच विकत घ्यायची? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. त्याच वेळी वह्या लिहिणे हे खरे संशोधन नव्हेच, कारकुनी आहे, असेही हेच लोक म्हणत. कारकुनी म्हणून कमी लेखायची आणि मालकीवरून भांडायचे, या दोन्ही गोष्टी एकदम कशा चालतात, हे आमच्या ताळमेळ विभागातल्या कुणालाही सांगता येईल.

अमेरिकन सरकारने डी.एन.ए.च्या नोंदींचा राष्ट्रीय संग्रह करायचे ठरवले तेव्हा डेहॉफबाईंनी अर्ज केला. तेवढा अनुभव दुसऱ्या कुणाला होता? पण १९८२ च्या जूनमध्ये ते काम लॉस अलामॉसच्या वॉल्टर गोड यांच्या गटाला आणि त्यांच्याबरोबरच्या एका कंपनीला मिळाले. त्यांनी संग्रह कुणाच्याही मालकीचा नसेल, सर्वांना खुला असेल असे मांडले होते. हाच संग्रह पुढे जेनबँक म्हणून जगप्रसिद्ध झाला. नावात बँक, हा योगायोग मला गमतीचा वाटला.

निर्णय चूक होता का? मला तसे म्हणता येत नाही. सामाईक वही खुलीच हवी. पण जिने वीस वर्षे ती वही एकटीने सांभाळली, तिला पैसे पुरवायची जबाबदारी कुणी घेतली नव्हती, आणि मग पैसे मागते म्हणून तिला बाजूला ठेवले, हेही तितकेच खरे. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने मार्गारेट डेहॉफ गेल्या. वय अवघे ५७.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, जुलै १९८३ मध्ये, सॅन दिएगोच्या रसेल डूलिटल आणि लंडनच्या मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटांनी वेगवेगळे एकच जाहीर केले. जखम भरताना पेशींना वाढायला सांगणारे रक्तातले एक प्रथिन आणि माकडात गाठी आणणाऱ्या विषाणूचे प्रथिन, यांच्या माळा जवळजवळ सारख्या होत्या. दोघांनाही हे कळले ते नोंदी पडताळून. कर्करोग म्हणजे वाढीचा निरोप अवेळी आणि अखंड देत राहणे, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली. नोंदी जुळवणे ही कारकुनी नव्हे, हे सगळ्यांनी मान्य केले. ते पाहायला बाई नव्हत्या.

त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली त्या संग्रहाला कायमचे रूप दिले. २००२ साली तो युरोपातल्या दोन संस्थांच्या संग्रहांबरोबर युनिप्रॉटमध्ये विलीन झाला. आज युनिप्रॉटमध्ये कोट्यवधी माळा आहेत आणि कुणालाही त्या विनामूल्य पाहता येतात. आता नुसत्या माळांवर काम थांबत नाही. कुठले प्रथिन कुणाशी बोलते, कुणाला अडवते, कुणाचा निरोप पुढे नेते, याची जाळीही रिॲक्टोमसारख्या संग्रहांतून खुली मांडली जाते. एक वाट गोळीने अडवली तर गाठ कुठल्या आडवाटेने निघेल, हे त्या जाळ्यांवरून शोधतात. अमेरिकेतल्या एका प्रकल्पाने ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती अशी एकत्र केली. आपल्याकडे पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र निघाले, आणि २०२२ साली फरिदाबादला देशाचा स्वतःचा जैविक संग्रह सुरू झाला.

अक्काला मी हे सारे माझ्या परीने सांगितले. तिने दोनच प्रश्न विचारले. यातून कुणी पैसे करणार का? मी म्हटले, करतीलही. तुझ्याच गोळीच्या एका रूपाच्या पेटंटवरून आपल्या सर्वोच्च न्यायालयात खटला चालला, आणि २०१३ साली न्यायालयाने ते पेटंट नाकारले. मालकीचे भांडण संपत नाही, दर पिढीत नव्याने होते. दुसरा प्रश्न, माझे नाव खरेच कळणार नाही ना? इथे मी तिला खोटा दिलासा दिला नाही. नाव खोडले तरी जनुकांच्या नोंदीतून माणूस अगदीच पुसला जात नाही. त्यात तिच्या मुलांचा अंश आहे, माझाही आहे. म्हणून मी तो कागद पुन्हा वाचला, बँकेत तारण-दस्त वाचायचो तसा. माहिती मागणाऱ्याला समितीकडे अर्ज करावा लागेल, असे कलम होते. संमती पुढे मागे घेता येईल, असेही होते. ती कोणाकडे आणि कशी मागे घ्यायची हे मात्र लिहिलेले नव्हते. ते आम्ही रुग्णालयात जाऊन विचारले आणि कागदावर लिहून घेतले.

मग अक्काने सही केली. तिच्या नोंदीशी कुठल्या देशातल्या कुणाची नोंद जुळेल, जुळेल की नाही, हे तिला कळणार नाही. माझ्या त्या शिक्षकालाही कळले नव्हते. साक्षीदाराच्या जागी मी सही केली, आणि जुन्या सवयीने खाली तारीख घातली.